दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं

धुळा,

तुझ्या दहाव्याला मला चार शब्द बोलायला उभं केलं. तुझी भावकी होती, कॉलनीतली माणसं होती, फौंड्रीतले तुझ्या पाळीचे सगळे गाडी करून आले होते. तू कामाला कसा होतास, कुठल्या कुठल्या जत्रेत ओव्या म्हटल्यास, कुणाला कधी वाकडा शब्द बोलला नाहीस, असं मी सांगत गेलो. त्यात खोटं काही नव्हतं. पण खाली बसलो तेव्हा वाटलं, आपण भलत्याच कुणाविषयी बोललो. तुझ्या भावानं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि म्हणाला, "चांगलं बोललासा." मी तांब्या तसाच खाली ठेवला.

म्हणून हे तुझ्याशीच बोलतोय. एक गोष्ट तुला सांगायची राहिली. ती तू एकदा विचारली होतीस आणि मी तुला उत्तरही दिलं होतं. ते उत्तर आता परत घ्यायचं आहे.

तू पहिल्यांदा माझ्या क्वार्टरवर आलास ते रजेचा अर्ज लिहून घ्यायला. वालचंदनगरला मी ड्रॉइंग ऑफिसात, तू फौंड्रीत साचे भरायला, आपली ओळख रस्त्यात मान हलवण्यापुरती. त्या दिवशी गुरुवार, सुट्टीचा. बदली होऊन गेलेल्या एका साहेबांनी जाताना आपला रेकॉर्ड प्लेअर आणि रेकॉर्डचं एक खोकं मला देऊन टाकलं होतं. लोक तोवर कॅसेटवर गेले होते, त्यांना ते ओझं झालं होतं. खोक्यातल्या बहुतेक रेकॉर्डवर चरे पडलेले. एकच धड होती. तिला कव्हर नव्हतं आणि मधल्या गोल कागदावरची अक्षरं ओल लागून पुसून गेली होती. मशीन बसवायला आलेला कुणी परदेशी इंजिनिअर ती गेस्ट हाऊसवर विसरून गेला होता म्हणे. मी सहज तिची दुसरी बाजू लावली होती.

तुला ते गाणं मी सांगायला नको, तरी सांगतो. सुरुवातीला ऑर्गनचा एकच सूर बराच वेळ धरून ठेवलेला. मग गाणारा श्वास घेतो. तो श्वास स्पष्ट ऐकू येतो, आपल्या पाठीमागं उभं राहून कुणी घेतल्यासारखा. मग तो हळू, जवळजवळ बोलल्यासारखा सुरू करतो, मागून तीन-चार बायका त्याचे शब्द उचलतात, आणि शेवटाला तो शब्दच सोडून देतो आणि नुसता ओरडतो. त्या ओरडण्यात सूर असतो, पण तो कसला असतो ते मला कधी कळलं नाही.

गाणं संपलं तेव्हा तू दारात उभा होतास, चपला हातात घेऊन. किती वेळ उभा होतास कोण जाणे.

"ह्यो मानूस कुठला?" तू विचारलंस.

"इंग्लंड नाहीतर अमेरिकेचा असंल. इंग्लिश गातोय."

"न्हाय," तू म्हणालास. "ह्येचा बाप मेंढरामागं हिंडल्याला हाय. मागं त्या बाया झील धरत्यात न्हवं? आन् ती शेवटची हाळी हाय. रानात लांब ग्येल्याल्या जनावराला मारत्यात तसली. ह्यो आपल्यासारखाच काळा मानूस हाय, सायेब."

"काळा-गोरा कसं काय ऐकू येतं?"

"तुमाला न्हाय येत?" तू खरंच नवल करून विचारलंस. आणि अर्ज न लिहिताच निघून गेलास. दुसऱ्या गुरुवारी परत आलास. मग दर गुरुवारी. सायेबचा दत्तू कधी झाला ते माझ्या लक्षातही आलं नाही.

आपला वाद तिथूनच सुरू झाला. सहा-सात वर्षं चालला. माझी बायको म्हणायची, तुम्हा दोघांना दुसरा विषयच नाही का. नव्हता. नोकरीतल्या कुरबुरी, घरातल्या अडचणी, सगळं आपण त्या वादाच्या आडून बोलत होतो. मी माळ्याचा, आमच्या घरात गाणं म्हणजे देव्हाऱ्यापुढची आरती. गाणं ऐकायला तूच मला शिकवलंस. कानामागं तळहात कसा धरायचा, गाणाऱ्यापेक्षा मागच्या झीलकऱ्याकडं लक्ष कसं द्यायचं, हे सगळं तुझं देणं आहे.

तू ते गाणं पाठ केलंस. इंग्रजी शब्द तुला येत नव्हते, तू त्यांच्या जागी तुझे तुझे आवाज घातलेस. ते कुठल्याच भाषेतले नव्हते आणि ऐकताना मात्र अर्थ कळल्यासारखा वाटायचा. एका वर्षी तुझ्या गावच्या जत्रेत, बिरोबापुढं, ओवीच्या मधोमध तू ती चाल घातलीस. मी गर्दीत उभा होतो. माझ्या अंगावर काटा आला. झीलकऱ्यांनी ती उचलली सुद्धा, कुणाला काही वेगळं वाटलं नाही. फक्त तुमचे ते आंधळे तात्या काठी टेकत जवळ आले.

"ही चाल कुणाची रं?"

"लई लांबच्या धनगराची, तात्या."

तात्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "त्येच्या घरातलं कुनीतरी ग्येल्यालं हाय. सांग त्येला, म्हणावं, लई येळ हाळी मारू नगं. ग्येल्याली वळून बगत्यात."

तू हसलास. मी नाही हसलो. त्या दिवशी परत येताना एसटीत तू मला तुझ्या वडिलांचं सांगितलंस. तुझे वडील या भागातले मोठे ओवीकार. ते होते तोवर तुझ्या गळ्यातून सूर निघत नव्हता, पोरं तुला चिडवायची. ते गेले तेव्हा तू एकोणीस वर्षांचा. तेराव्याच्या दिवशी जेवणं उरकल्यावर कुणीतरी म्हणालं, म्हातारा असता तर आता ओवी झाली असती. तू कसा कोण जाणे, तोंड उघडलंस. आणि आतून तुझी आई पाण्याचा गडवा घेऊन बाहेर आली, चौकटीत उभी राहिली आणि तुझ्याकडं न बघता म्हणाली, "कवा आलासा?"

"आवाज कुणाचा नसतोय दत्तू," तू म्हणालास. "ऱ्हायला येतोय. घर पडाय लागलं की दुसरं बगतोय."

मी त्याला अंधश्रद्धा म्हणालो. तू खिडकीतून थुंकलास आणि म्हणालास, "म्हण की."

पुढं कंपनीच्या कामानं मला पुण्याला जावं लागलं तेव्हा मी ती रेकॉर्ड पिशवीत घालून नेली. जुन्या रेकॉर्ड विकणारा एक म्हातारा रस्त्याकडेला बसायचा. त्यानं गोल कागदाच्या कडेला कोरलेला नंबर भिंग लावून वाचला आणि ढिगातून एक रिकामं कव्हर काढून माझ्या हातात दिलं. विटांच्या भिंतीपुढं पाच तरुण उभे. पाचही गोरे. केस खांद्यापर्यंत. मधल्याचे डोळे इतके फिके, की चित्र छापताना रंग कमी पडला असं वाटावं.

म्हातारा म्हणाला, "ही पोरं मूळची रॉकवाली. कर्कश गिटारी वाजवायची. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला यांच्या डोक्यात आलं की अमेरिकेतले काळे लोक गातात तसं गायचं. सोल म्हणतात त्याला, त्यांच्या देवळातल्या गाण्यातून आलेलं. गोऱ्या माणसानं ते गायलं की निळ्या डोळ्यांचा सोल म्हणायची पद्धत. तशी ही एकच रेकॉर्ड काढली यांनी."

"पुढं का नाही काढली?"

"प्रयत्न केला असेल. एकदा आलं, परत आलं नाही." त्यानं कव्हर कागदात गुंडाळून दिलं.

वाद जिंकल्याच्या आनंदात मी ते तुझ्यापुढं ठेवलं. तू जमिनीवर मांडी घालून बसलास आणि ते मांडीवर घेतलंस. एकेका तोंडावर अंगठा ठेवत गेलास, तोंड झाकायचास आणि पुन्हा उघडायचास.

"ह्यातला गाणारा कोण?"

"मधला असणार."

"ह्यो न्हवं."

"धुळा, नाव लिहिलंय खाली. गोरा आहे. मान्य कर."

"गोरा असू दे की. पर ह्येच्या तोंडाकडं बग. ह्येला म्हाईतच न्हाय आपून काय गायलो त्ये." तू कव्हर माझ्याकडं परत दिलंस. "ह्येच्यात कोन तरी यिऊन ग्येला. आन् ग्येल्यावर ह्येनं लई हुडाकला असंल."

मी म्हणालो, हा काही युक्तिवाद झाला नाही. तू म्हणालास, चहा टाक. त्या वादाचा निकाल कधी लागलाच नाही.

मग तुझा आवाज बसायला लागला. आधी सर्दी म्हणून आपण दोघांनी हसण्यावारी नेलं. दोन महिने झाले तरी उतरेना, तेव्हा मी तुला बारामतीला डॉक्टरांकडं घेऊन गेलो. त्यांनी गळ्यात आरसा घालून पाहिलं आणि पुण्याची चिठ्ठी दिली. बारामतीच्या स्टँडवर आपण गाडीची वाट बघत बसलो होतो. इंदापूरची गाडी लागली, भरली आणि गेली. आपण उठलो नाही. तू खरखरत्या आवाजात म्हणालास, "दत्तू, एक सांगतो. आवाज जानार असंल तर मला हात लावू दिऊ नगंस. गावाकडं न्हिऊन सोड. जितकं हुईल तितकं हुईल."

मी "हो" म्हणालो. ते मला ऐकू आलं, तुलाही आलं.

पुण्याला तुझ्याबरोबर मीच होतो. वैनी पोरीच्या बाळंतपणात अडकली होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. भला माणूस होता, समजावून सांगत होता. गाठ पसरली आहे, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, श्वासासाठी गळ्याला भोक ठेवू.

मी विचारलं, "गाणं?"

"बोलणंसुद्धा नाही."

"आणि नाही काढलं तर?"

"दिवाळी बघतील असं मला वाटत नाही." श्रावण चालू होता. "तुम्ही त्यांना सांगा. मी सांगू का?"

"मी सांगतो," मी म्हणालो.

वॉर्डात आलो. तू खिडकीकडं तोंड करून बसला होतास. वळला नाहीस. विचारलंस, "ऱ्हातोय का?"

तो क्षण मी गेलं सव्वा वर्ष रोज उलटून पालटून पाहतोय. मी विचार केला असं म्हणता येणार नाही. मला फक्त एवढंच दिसलं, की दर गुरुवारी दाराशी चपला काढायचा आवाज येणार नाही. मी म्हणालो, "थोडे दिवस बसेल. मग येईल."

"मंग कर सई," तू म्हणालास.

फॉर्मवर नातं लिहायची जागा होती. तिथं मी ‘भाऊ’ लिहिलं.

शुद्धीवर आल्यावर तू तोंड उघडलंस. काय झालंय ते तुला लगेच कळलं. तू परत तोंड उघडून पाहिलं नाहीस. माझ्याकडंही पाहिलं नाहीस. छताकडं पाहत होतास, आणि गळ्याच्या भोकातून श्वास आत-बाहेर होत होता. त्या श्वासाला सूर नव्हता. पण मला तो ओळखीचा वाटला आणि कुठं ऐकला ते आठवेना. घरी आल्यावर रात्री दचकून उठलो तेव्हा आठवलं: रेकॉर्डवर गाण्याआधी येतो तो श्वास.

तू पाटी घेतलीस. पोरीच्या शाळेतली, लाकडी चौकटीची. बोलायचास तसंच लिहायचास. गळ्याला पांढरं फडकं बांधायचास. नात रांगायला लागल्यावर तुझ्या छातीवर चढायची आणि त्या फडक्याला कान लावून बसायची, अगदी हालचाल न करता. वैनी म्हणायची, काय ऐकतीया कोण जाणे. तू डोळे मिटून घ्यायचास. त्या वेळी मी स्वतःला सांगायचो, बघ, हे झालं नसतं. ही नात याला दिसली नसती. मी असं बऱ्याचदा सांगायचो. ज्याला खात्री असते त्याला इतक्यांदा सांगावं लागत नाही, हेही मला कळत होतं.

आता त्या दुपारचं. उन्हाळा लागला होता. तुझ्याकडं येत होतो, हातात आमच्या बागेतल्या अंजिरांची टोपली. लाईट गेलेली, सगळी चाळ दारं लोटून पडलेली. तुझ्या खोलीच्या अलीकडं तीन दारं असताना मला गाणं ऐकू आलं. दुसऱ्या बाजूचं पहिलं. वाटलं रेडिओ. मग लक्षात आलं, ऑर्गन नाही. नुसता आवाज. आणि शब्द इंग्रजी नव्हते. तू जे घातले होतेस तेच होते.

धुळा, तो तुझा आवाज होता. बसण्याआधीचा.

मी टोपली छातीशी धरून उभा राहिलो. शेवटची हाळी झाली आणि थांबलं. मग मी दार ढकललं. तू खाटेवर भिंतीला टेकून बसला होतास, तोंड घट्ट मिटलेलं, फडकं जागच्या जागी. वैनी मोरीत तांदूळ धूत होती.

"वैनी, कोण गात होतं?"

"कुठं?"

"आत्ता. इथं."

"कोन गानार भावजी हितं?" तिनं माझ्याकडं पाहिलं, मग हळूच तुझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा तांदळात हात घातला.

तू पाटी उचललीस. लिहिलंस: ‘तूबी ऐकलंस?’

मी मान हलवली. तू पुसलंस, पुन्हा लिहिलंस: ‘रोज ह्याच टायमाला. आदी लांब हुता. आता जवळ आलाय.’

घड्याळात अडीच वाजून काही मिनिटं झाली होती. मी अंजिरं तिथंच ठेवून निघालो. तू मला अडवलं नाहीस. पुढचे दोन गुरुवार मी आलो नाही, पाहुणे आहेत असं कळवलं. पाहुणे नव्हते.

तिसऱ्या गुरुवारी तूच माझ्या दारात उभा. पाटीवर आधीच लिहून आणलेलं: ‘लोणी देवकरला चल.’

लोणी देवकरच्या माळावर तुझ्या वडिलांची मेंढरं चरायची. आता तिथं तारेची कुंपणं आली होती, कारखान्यांचे प्लॉट, अर्धवट उभ्या शेड. एसटीतून उतरून आपण उन्हात चालत गेलो. तू मध्येच थांबायचास, कानामागं तळहात धरायचास आणि दिशा बदलून चालायला लागायचास. शेवटी एका रिकाम्या शेडच्या कुंपणापाशी थांबलास. पत्रे घातलेले, भिंती अजून व्हायच्या. आत सावलीत सिमेंटची पोती. वाराही नव्हता.

तू तारेला हात लावून उभा राहिलास. आणि धुळा, तू हसलास. ऑपरेशननंतर तुला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मान हळूहळू हलत होती, झील धरणाऱ्यासारखी. मी कान देऊन ऐकलं. मला काही ऐकू आलं नाही. मला केवढं हायसं वाटलं.

तेवढ्यात शेडच्या कोपऱ्यातल्या खोपटातून वॉचमन बाहेर आला. डोळे चोळत आला.

"कोन गात हुतं?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही," मी म्हणालो.

"गात हुतं की. माझी झोप मोडली. चांगलं गात हुतं, म्हणून म्हणलं बगावं." त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग तुझ्याकडं, तुझ्या गळ्यातल्या फडक्याकडं. "ह्यांनी?"

"ह्यांना बोलता येत नाही."

तो माणूस जागच्या जागी थांबला. परत खोपटात गेला नाही. त्यानं खुर्ची बाहेर ओढली आणि शेडपासून लांब, भर उन्हात जाऊन बसला. आपण निघेपर्यंत आत गेला नाही.

परतीच्या गाडीत तू खिडकीशी होतास. तुझा चेहरा मोकळा दिसत होता, फार दिवसांनी. पाटी मांडीवर घेतलीस आणि सावकाश लिहून माझ्याकडं फिरवलीस.

‘तुला म्हाईत हुतं का? कापायच्या आदी?’

गाडी खडखडत होती. पुढच्या बाकावरच्या बाईनं वळून पाहिलं. मला खरं बोलायची इच्छा होती, हे मी तुला शपथेवर सांगतो. तू रागावलेला नव्हतास. इतक्या सोप्या मनानं तू ते विचारलं होतंस, की "व्हय" म्हणायला एक श्वास पुरला असता.

"न्हाय," मी म्हणालो. "डॉक्टरांनी आत घेतल्यावर ठरवलं."

तू माझ्याकडं थोडा वेळ पाहिलंस. मग तळहातानं पाटी पुसलीस, कडेकडेनं, एक अक्षर राहू न देता.

त्यानंतर तू तो विषय काढला नाहीस. मीही येत राहिलो. दर गुरुवारी आलो, पण अडीचनंतर. आपण पत्ते खेळलो, नातीला खेळवलं. पाऊस संपता संपता एका सकाळी वैनीनं चहा आणला तेव्हा तू गेलेला होतास, भिंतीला टेकून, एक हात कानाशी.

तर धुळा, मला म्हाईत हुतं. मला आदल्या दिवसापासून माहीत होतं. तू स्टँडवर मला सांगितलं होतंस, मी हो म्हणालो होतो, आणि तरी मी तुझा आवाज काढू दिला. तुझ्यासाठी केलं असं म्हणायला मला आवडेल. मी ते माझ्यासाठी केलं.

दहाव्यानंतर मी ती रेकॉर्ड लावली. दुपारी, दार लावून. मनात भीती होती, ती का होती ते तुला ठाऊक आहे. ऑर्गन लागला, तो श्वास आला, बायकांनी झील धरली. काहीच झालं नाही. एक माणूस चांगलं गात होता, इतकंच. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला तो गोरा वाटला.

गेल्या गुरुवारी तुझ्या गावी गेलो. वैनी क्वार्टर सोडून तिकडंच गेली आहे. ओसरीवर शेंगा फोडत बसली होती, नात झोळीत झोपलेली. मी शेजारी बसलो. काय बोलायचं ते वाटेत जुळवून ठेवलं होतं, ते आठवेना. इकडचं तिकडचं चाललं होतं. अडीच वाजत आले तसे वैनीचे हात थांबले. तिनं मान किंचित वर केली.

"काय झालं वैनी?"

तिनं बोट ओठावर ठेवलं. मी ऐकलं. लांब कुणाची तरी मोटर चालू होती. कोंबड्या होत्या. दुसरं काही नव्हतं. झोळीत नात जागी झाली होती, न रडता एकटक आढ्याकडं पाहत होती. बराच वेळ गेला.

"थांबलं," वैनी म्हणाली आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.

"कधीपासून?"

"तेराव्यापासनं. तुमाला न्हाय येत ऐकू?"

"न्हाय."

"मला आदी येत नव्हतं," ती म्हणाली. तिच्या तोंडावर भीती नव्हती. मला मात्र बसवत नव्हतं. मी तिच्याकडं न बघता सगळं सांगून टाकलं. स्टँडवरचं, डॉक्टरांचं, वॉर्डातलं, गाडीतलं. एकदाही थांबलो नाही. ती शेंगा फोडत राहिली. मी गप्प झालो तेव्हा सूप बाजूला ठेवलं.

"त्यास्नी म्हाईत हुतं, भावजी."

मी तिच्याकडं पाहिलं.

"तुमी दोगं लोणी देवकराला ग्येला हुता न्हवं, त्या रोजी आल्या आल्या पाटीवर लिवलं. मला कुठं वाचाय येतंय. पोरीनं वाचून दावलं. ‘दत्तू खोटं बोलला. तू त्येला कदी इचारू नगंस. खरं सांगाय लागलं तर त्यो यायचा बंद हुईल.’"

मी सुपातली एक शेंग उचलून उगाच फोडली. मग विचारलं, "रागावला नाही?"

"पाटी पुसली आन् जेवाय बसलं," वैनी म्हणाली. "दोन भाकरी खाल्ल्या त्या रोजी."

ती उठली, चहा टाकला, आम्ही तो प्यालो. मी चपला घातल्या तेव्हा ती नातीला कडेवर घेऊन ओसरीच्या पायरीपर्यंत आली.

"आता येताय न्हवं? का न्हाय?"

"येतो की. गुरुवारी येतो."

"मंग जरा लौकर या," वैनी म्हणाली. "अडीचच्या आत."